घराची बाहेरून निगा

घर बांधणें हें एकदांचें काम आहे. घर राखणें हें दरसालचें. पहिल्या कामास पैसा व गवंडी लागतो, दुसऱ्यास बहुतेक वेळां दोन डोळे व दोन हात पुरतात. तरीहि असें पुष्कळदां दिसतें कीं, पोटास चिमटा घेऊन बांधलेलें एखादें घर पंधरावीस वर्षांतच खचतें, आणि त्याच्याच शेजारचें, त्याच मातीचें व त्याच लांकडाचें, आजोबांच्या वेळचें घर ताठ उभें असतें. हा फरक बांधणीचा क्वचित् असतो; बहुधा तो निगेचा असतो. ही निगा कशी घ्यावी, आणि ती कां घ्यावी लागते, हें विद्यार्थिमित्रांनो, आज थोडक्यांत पाहूं.

आपला नागभीडचा मुलूख झाडीपट्टींत मोडतो. एका अंगास घोडाझरीचा तलाव व त्याभोंवतींचें जंगल, दुसऱ्या अंगास धानाच्या बांध्या. चंद्रपूर जिल्ह्यांत वर्षाकाठीं सरासरी १२०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. त्याच जिल्ह्यांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. म्हणजे आपल्या घरांना आधीं भट्टींत घातल्याप्रमाणें तापावें लागतें आणि लगेच चार महिने भिजावें लागतें. तापल्यानें माती आकसते व तिला भेगा पडतात, लांकूड तडकतें. आणि त्याच भेगांतून मृगाचें पाणी आंत शिरतें. उन्हाळा दार उघडतो व पावसाळा आंत येतो, असें म्हटलें तरी चालेल. म्हणून दुरुस्तीची खरी वेळ उन्हाळ्याच्या उत्तरार्धांत, मेअखेर रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वींची होय.

घराचा मुख्य वैरी वादळ नव्हे, वाट चुकलेलें पाणी होय. याचा साधा हिशेब करून पाहा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. तुमच्या छपराखालीं ५० चौरस मीटर जागा असेल आणि एखाद्या रात्रीं ६० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका रात्रींत ३,००० लिटर पाणी छपरावरून उतरतें. म्हणजे दोनशें लिटरांचीं पंधरा पिंपें. वर्षाचा हिशेब ६०,००० लिटरांवर जातो. हें सारें पाणी पाखांवरून घसरून, वळचणीवरून पडून, अंगणांतून नालीस मिळालें, तर घराचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु त्याचा शंभरावा हिस्सा जरी भिंतींत मुरला, तरी तें ६०० लिटर झालें.

मातीची भिंत कोरडी असेपर्यंत मोठें ओझें पेलते. मातींतील चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण कोरडेपणीं एकमेकांस घट्ट धरून असतात. त्यांच्यामध्यें पाणी शिरलें कीं ही पकड सुटते, भिंत फुगते, मऊ पडते व छपराचें ओझें तिला पेलवत नाहीं. झड लागून दोनतीन दिवस झाले म्हणजे अशा भिंती अकस्मात् बसतात. आणि तें रात्रीं घडलें, तर भिंतीलगत निजलेल्या माणसांच्या अंगावर. दर पावसाळ्यांत वर्तमानपत्रांतून अशा बातम्या येतात. तेव्हां आपण ज्या कामाचा विचार करीत आहों तें शोभेचें काम नाहीं, हें प्रथम मनांत धरावें.

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यांतहि मातीचीं जुनीं घरें पुष्कळ आहेत. मातीच्या घरास चांगली टोपी व चांगले जोडे द्यावे, म्हणजे तें चिरकाल टिकतें, अशी तेथें म्हण आहे. टोपी म्हणजे छपर व जोडे म्हणजे जोतें. आपणहि पाण्याच्याच वाटेनें, टोपीपासून जोड्यांपर्यंत, घराची एक फेरी करूं.

प्रथम छपर. वर चढण्यापूर्वीं भर दुपारीं दारें-खिडक्या लावून घरांत उभें राहावें आणि वर पाहावें. जेथून उजेडाचा कवडसा येतो तेथून पाणीहि येण्याचा संभव असतो. त्या जागेखालीं जमिनीवर कोळशानें फुली मारून ठेवावी. मात्र पाणी जेथें ठिबकतें तेथेंच तें शिरलेलें असतें असें नाहीं. वांशाच्या किंवा कामटीच्या अंगानें तें दोनतीन हात उताराकडे वाहत येतें व मग गळतें. म्हणून गळतीचें मूळ नेहमीं ठिबक्याच्या वरच्या बाजूस, आढ्याकडे, शोधावें.

नळीच्या देशी कवेलूंचें छपर दरसाल फेरावें लागतें. पश्चिम महाराष्ट्रांत ज्यास शाकारणी म्हणतात, तेंच हें काम. या छपरांत खालची ओळ उताणी व वरची पालथी अशी दुहेरी मांडणी असते. उताण्या ओळींतून पाणी वाहतें आणि पालथी ओळ दोन उताण्यांमधील फट झांकते. वानरांच्या उड्यांनीं व वाऱ्यानें हे कवेलू सरकतात. उताण्या ओळींत पाला, माती व पांखरांच्या काड्या सांचून लहानसा बांध तयार होतो, आणि अडलेलें पाणी कांठावरून घरांत उतरतें. फेरणें म्हणजे सारे कवेलू नवे घालणें नव्हे. वळचणीकडून आरंभ करून आढ्याकडे जात प्रत्येक कवेलू उचलणें, झाडणें, फुटका निघाल्यास बाजूस काढणें व उरलेला नीट बसविणें, इतकेंच. वरचा कवेलू खालच्यावर निदान चार बोटें चढला पाहिजे. कवेलूची परीक्षा टिचकीनें होते: खणखणीत वाजला तर तो पक्का भाजलेला, बद्द आवाज आला तर तडकलेला किंवा कच्चा. कच्चा कवेलू पाणी पितो, जड होतो व खालच्या कामट्या कुजवितो.

ज्यांना आपल्याकडे इंग्रजी कवेलू म्हणतात ते मूळचे इंग्रजांचे नव्हेत. एकमेकांत अडकणाऱ्या कौलांचें पेटंट फ्रान्सच्या आल्सास प्रांतांतील गिलार्दोनी बंधूंनीं १८४१ सालीं घेतलें. त्या धर्तीचीं कौलें हिंदुस्थानांत बाझल मिशनचे प्लेब्स्ट यांनीं मंगळूर येथें १८६५ सालीं काढलेल्या कारखान्यांत होऊं लागलीं. म्हणूनच त्यांस मंगळुरी कौलें असें नांव पडलें. या कौलाच्या कडांस खांचा असतात व एकाची कड दुसऱ्याच्या खांचेंत बसते. त्यामुळें दुहेरी मांडणी लागत नाहीं आणि वाऱ्यानें तीं सहसा हलत नाहींत. यांना दरसाल फेरण्याची गरज नाहीं. परंतु खांचांत धूळ व शेवाळ सांचलें तर पाणी उलटतें, म्हणून त्या कोरड्या कुंच्यानें झाडाव्या. फुटलेलें कौल बदलतांना त्याच्या वरचें कौल किंचित् उचलून फुटकें खालच्या बाजूस ओढून काढावें व नवें त्याच वाटेनें सरकवावें. घर बांधतेवेळींच पन्नासएक कौलें जादा घेऊन ठेवणारा मनुष्य शहाणा. कारण निरनिराळ्या कारखान्यांचीं कौलें एकमेकांत नीट बसत नाहींत.

वर चढणाऱ्यानें कांहीं नियम पाळलेच पाहिजेत. शिडी जितकी उंच टेकते त्याच्या चौथ्या हिश्शाइतकें अंतर तिच्या पायांत व भिंतींत असावें, आणि खालीं एकानें ती धरावी. कवेलूवर पाय न देतां वांशांवर ओझें जाईल अशी आडवी फळी टाकून तीवर बसावें. छपर ओलें असतां, वारा सुटला असतां किंवा विजेची तार जवळून जात असतां चढूं नये. मुलांनीं वडील माणसांवांचून वर जाऊंच नये. खालून कवेलू पोंचविणें, फुटके मोजणें व झाडणें हीं कामें त्यांना पुरेशीं आहेत.

छपरानंतर वळचण. छपराची कड भिंतीच्या बाहेर निदान दीड ते दोन हात आलेली असावी. ती आंखूड असली तर पागोळ्यांचें पाणी भिंतीच्या पायाशींच पडतें, आणि तेथून उडालेले शिंतोडे भिंतीचा खालचा हातभर भाग रोज भिजवितात. भिंती बहुधा याच ठिकाणीं पोखरतात. आंखूड वळचण बांबूच्या चार कामट्या व थोडे कवेलू घालून वाढवितां येते. पागोळ्या जेथें पडतात त्या रेषेवर वीतभर रुंदीची खडी पसरावी. म्हणजे पाण्याचा जोर मोडतो व चिखल उडत नाहीं.

आतां भिंत. १९३६ सालीं गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगांवीं राहावयास गेले. त्या गांवाचें नांव पुढें सेवाग्राम झालें. तेथील त्यांच्या कुट्या माती, बांबू, लांकूड व कवेलू यांच्या आहेत, आणि त्या आजहि उभ्या आहेत. भिंतींस पावसाचा मारा लागूं नये म्हणून शिंदीच्या पानांच्या झांज्या बाहेरून बांधण्याची आपल्या विदर्भांतील जुनी रीत तेथें पाहावयास मिळते. या कुट्या टिकल्या त्या कांहीं विशेष मसाल्यामुळें नव्हे. सारवण, लेपण व फेरणी वेळच्या वेळीं होत गेली म्हणून. ज्या बाजूनें पाऊस मारतो त्या भिंतीस झांजी, तट्टा किंवा निदान जाड ताडपत्री बांधणें कोणासहि शक्य आहे. मात्र ताडपत्री भिंतीस चिकटूं न देतां चार बोटें दूर ठेवावी, नाहींतर आंत ओल कोंडते.

भिंतीच्या भेगा बुजविण्यासाठीं काळी माती वापरूं नये. ती ओली असतां फुगते व वाळतांना फार आकसते, त्यामुळें नवी भेग जुनीहून मोठी पडते. पांढरी माती किंवा वाळूमिश्रित तांबूस माती घ्यावी. मातीची परीक्षा घरींच होते. कांचेच्या बरणींत तिसरा हिस्सा माती घालून बरणी पाण्यानें भरावी, खूप हलवावी व एक दिवस स्थिर ठेवावी. खालीं वाळू, तीवर गाळ व सर्वांत वर चिकणमाती असे थर दिसतात. चिकणमातीचा थर फार जाड असेल तर वाळू मिसळावी. या मातींत धानाचें बारीक तोडलेलें तणस व शेण घालून, पाणी शिंपून, चारपांच दिवस कुजूं द्यावें व पायांनीं तुडवावें. तणसाचे धागे मातीस धरून ठेवतात व आकसण्याचा ताण वांटून घेतात. भेग तशीच लिंपूं नये. खुरप्यानें ती थोडी रुंद करावी, सैल माती झाडावी, कडा पाण्यानें ओल्या कराव्या, आणि मग दोन थरांत भरावी. पहिला थर वाळल्यावर दुसरा.

येथें एका समजुतीविषयीं सांगणें अवश्य आहे. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला म्हणजे ती पक्की झाली, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः माती व सिमेंट हीं ऊन-पावसांत सारख्या प्रमाणांत फुगत व आकसत नाहींत. कांहीं काळानें दोहोंमध्यें पोकळी होते, सिमेंटाच्या बारीक भेगांतून पाणी आंत जातें व बाहेर येण्यास त्यास वाट मिळत नाहीं. वरून भिंत टणक दिसते आणि आंत चिखल झालेला असतो. मातीस मातीचा किंवा चुन्याचाच लेप द्यावा; तो भिंतीस श्वास घेऊं देतो, आणि बिघाड झाला तर लपवीत नाहीं.

चुन्याची सफेदी नुसती शोभेसाठीं नसते. भिजविलेला चुना हवेंतील कर्बवायु शोषून घेतो व हळूहळू त्याचा दगडाच्या जातीचा पातळ थर बनतो. कळीचा चुना भिजवितांना पिंपांतील पाण्यांत थोडा थोडा चुना घालावा. चुन्यावर पाणी ओतूं नये, कारण तो उकळून अंगावर उडतो. डोळ्यांत गेल्यास दृष्टीस अपाय होतो, म्हणून मुलांस दूर ठेवावें व डोळ्यांवर चष्मा घालावा. रात्रभर मुरल्यावर फडक्यानें गाळून, थोडा डिंक घालून, आधीं ओल्या केलेल्या भिंतीवर दोन-तीन पातळ हात द्यावे. एकच जाड हात दिला तर पापुद्रे सुटतात. चुना परवडत नसेल तेथें पांढऱ्या मातीचा पोतारा द्यावा. परंतु भिंत उघडी ठेवूं नये.

भिंतीखालीं जोतें. जमिनींतील ओल दिव्याच्या वातींत तेल चढतें त्याप्रमाणें भिंतींत वर चढते. जोतें दगडाचें व हातभर उंच असेल तर ती तेथेंच थांबते. पुष्कळ घरांत जोतें मूळचें उंच असतें, परंतु अंगणांत दरसाल माती टाकून आपणच त्यास पुरून टाकतों. अशा वेळीं भिंतीलगतची माती खणून काढून जोतें मोकळें करावें, आणि अंगणास घरापासून दूर उतार द्यावा. हा उतार बरोबर आहे कीं नाहीं हें बादलीभर पाणी भिंतीपाशीं ओतलें म्हणजे कळतें. तें घराकडे वळलें किंवा तेथेंच थबकलें तर फावडें हातांत घ्यावें.

जोत्यांतील उंदरांचीं बिळें दगडाचे तुकडे व चुना ठोकून बुजवावीं. उंदरांमागोमाग साप येतो, आणि आपल्या भागांतील मण्यार रात्रीं घरांत शिरून जमिनीवर निजलेल्यांस चावतो. त्याचा दंश कित्येकदां जाणवतहि नाहीं. असा संशय आल्यास क्षणभरहि न दवडतां सरकारी दवाखाना गांठावा, कारण त्यावरील प्रतिविष तेथें मिळतें. याच कारणास्तव सरपण, कवेलूंचे ढीग व विटा भिंतीस टेकून रचूं नयेत. घराभोंवतींचें रान व घाणेरीच्या जाळ्या साफ ठेवाव्या; वाघ-बिबट्यांचा वावर असलेल्या आपल्या मुलखांत हें दुहेरी हिताचें आहे.

यानंतर लांकूड. वाळवीस अंधार, ओल व जमिनीशीं संबंध हवा असतो. ती उघड्यावरून चालत नाहीं. मातीची बारीक नळी बांधून तिच्या आंतून जाते. म्हणून दर महिन्यास जोतें, खांबाचा पाय व दाराची चौकट नीट न्याहाळावी. नळी दिसली तर ती मोडावी व ती कोठून निघते तें शोधून तेथील ओल बंद करावी. खांब मातींत न पुरतां दगडी उथळ्यावर उभा करावा. सागाचा तांबूस गाभा वाळवीस बराच काळ दाद देत नाहीं, परंतु त्याच सागाचा बाहेरचा फिकट भाग ती सहज खाते. लांकूड घेतांना हा भेद पाहावा. लांकडांत खुरप्याचें टोंक टोंचून पाहावें. तें सहज आंत गेलें तर तेवढा भाग कापून नवा जोड द्यावा, कुजक्यावर रंग फांसूं नये.

दारें-खिडक्यांस वापरलेलें इंजिन-तेल फांसण्याची चाल पडली आहे. तें अंगास अपायकारक असून पाण्याबरोबर विहिरीच्या मातींत उतरतें. त्यापेक्षां जवसाचें तेल बरें. हवेंतील प्राणवायु घेऊन तें लांकडांतच घट्ट होतें. कोरड्या लांकडास दोन पातळ हात उन्हाळ्यांत द्यावे. मात्र तेलानें भिजलेल्या चिंध्या चुरगळून टाकूं नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. त्या उन्हांत पसरून वाळवाव्या व मग पुराव्या.

बांबूचा वैरी भुंगा. बांबूंत सांठलेलें पिष्ट हें त्याचें अन्न. पाऊस संपल्यावर, हिवाळ्यांत तोडलेल्या पक्क्या बांबूंत पिष्ट कमी असतें. आणि तो कांहीं आठवडे पाण्यांत बुडवून ठेवला तर उरलेलेंहि बरेंचसें विरघळून जातें. तळ्यांत बांबू भिजत घालण्याची जुनी चाल ही अशी सकारण आहे. २०१७ सालच्या कायद्याच्या दुरुस्तीनें जंगलाबाहेर, म्हणजे शेतावर वगैरे, वाढलेला बांबू वृक्षाच्या व्याख्येंतून वगळला गेला. जंगलांतील बांबूस मात्र नियम लागू आहेत. बांबूकामाचें शिक्षण ज्यांस हवें असेल त्यांच्यासाठीं चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथें २०१४ सालीं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र निघालें आहे.

आतां पुष्कळ घरांवर टिनाचे पत्रे आले आहेत व घरकुलांवर स्लॅब पडली आहे. त्यांनाहि निगा चुकत नाहीं. पत्र्याचा खिळा किंवा स्क्रू लाटेच्या माथ्यावर असावा, पन्हाळींत नव्हे. त्याखालील रबराची चकती उन्हानें कडक होते, ती दर कांहीं वर्षांनीं बदलावी. गंज तारेच्या ब्रशनें घासून लगेच रंग द्यावा. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतें. ते कोरडे घासूं, कापूं किंवा फोडूं नयेत, कारण त्यांची धूळ फुप्फुसांस घातक आहे. स्लॅबवर पाणी जाण्याची नळी पाल्यानें तुंबली तर सबंध गच्ची तळें बनते; ती मृगापूर्वीं व भर पावसाळ्यांतहि मोकळी करावी. भिंतींत पिंपळाचें रोप दिसलें तर तें दोन पानांचें असतांच मुळासकट काढावें; पुढें तें भिंत फोडल्याशिवाय निघत नाहीं.

या साऱ्या कामांचा क्रम असा लावावा. हिवाळ्यांत बांबू तोडून पाण्यांत घालावा. मार्च-एप्रिलांत लांकूड तपासून तेलपाणी करावें, माती आणून ठेवावी. मे महिन्यांत छपर फेरावें, भेगा बुजवाव्या, सफेदी करावी. जूनच्या पहिल्या आठवड्यांत नाल्या उपसाव्या व झांज्या बांधाव्या. पहिला मोठा पाऊस पडत असतां छत्री घेऊन घराभोंवतीं एक फेरी घालावी. पाणी कोठें अडतें, कोठें शिंतोडे उडतात, हें त्या वेळीं जितकें स्पष्ट दिसतें तितकें कोरड्या दिवशीं दिसत नाहीं. दिवाळीनंतर पुन्हां एकदां पाहावें व पुढील सालाची यादी करावी.

शिडी, खुरपें, फावडें, कुंचा व बादली याहून अधिक हत्यारें या कामांस लागत नाहींत, आणि तीं बहुतेक घरांत असतात. विद्यार्थिमित्रांनो, येत्या उन्हाळ्याच्या सुट्टींत आपल्या घराची अशी फेरी वडिलांबरोबर अवश्य करा. आणि तें झाल्यावर आपल्या मोहल्ल्यांतील ज्या घरांत छपरावर चढण्यास धडधाकट मनुष्य उरलेला नाहीं, जेथें एखादी वृद्ध आजी एकटीच राहते, त्या घराकडेहि पाहा. तिच्या वळचणीचे सरकलेले दहा कवेलू नीट बसविण्यास वडील माणसांसह दोघांतिघांस एक सकाळ पुरेल; आणि झडीच्या रात्रीं ती निर्धास्त निजेल.